मरिनर्स २०२६ : कॅल रॉलीने साठ होम रन मारले नाहीत तर?

सोडोचा वारकरी
२४ नोव्हेंबर २०२५

बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतल्या, टोरांटोतल्या त्या सातव्या सामन्याला महिना उलटून गेला. त्याविषयी डोके शांत ठेवून लिहिता येईल याची खात्री झाल्यावरच हा धागा काढत आहे. २० ऑक्टोबरच्या रात्री नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये मरिनर्स ३-१ असे पुढे होते, एक गडी बाद झालेला होता आणि आणखी आठ बाद केले असते तर सिॲटलचा संघ जन्मात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेला, गेला असता. आपला पिचर (चेंडू टाकणारा) ब्रायन वूला थांबवून एदुआर्द बासार्दोला आणले, दोन जण बेसवर होते, समोर टोरांटोचा जॉर्ज स्प्रिंगर होता, आणि चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला, म्हणजे होम रन. सामना ४-३ असा गेला. आपला सर्वांत भरवशाचा पिचर आंद्रेस मुन्योझ त्या क्षणी मैदानाबाहेरच होता. मेजर लीगच्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज कधीही न खेळलेला एकमेव संघ ही आपली ओळख २०१९ पासून होती, ती आणखी एक वर्ष तशीच राहिली.

आता पुढच्या हंगामाविषयी. ९० विजय आणि ७२ पराभव ही कामगिरी उत्तमच होती. २००१ नंतर प्रथमच आपण आपला पाच संघांचा विभाग जिंकला. पण त्या यशाचा किती भाग पुन्हा घडण्यासारखा आहे, हा माझा प्रश्न आहे. आपला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, यष्टिरक्षकासारखा) कॅल रॉलीने ६० होम रन मारले. कॅचरने एका हंगामात मारलेल्या होम रनचा आधीचा विक्रम साल्वादोर पेरेझचा ४८ चा होता, दोन्ही हातांनी खेळणाऱ्या फलंदाजाचा मिकी मँटलचा ५४ चा होता आणि आपल्या संघाचा ग्रिफीचा ५६ चा होता. हे तिन्ही विक्रम एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात मोडले. असे दरवर्षी घडेल असे गृहीत धरून संघ बांधणे म्हणजे लॉटरीच्या बक्षिसावर घराचे हप्ते ठरवण्यासारखे आहे.

माझे मत असे की २०२६ चा संघ २०२५ पेक्षा चांगला असू शकतो, मात्र तो निराळ्या कारणाने चांगला असावा लागेल, आणि ते कारण म्हणजे पिचिंग. गेल्या हंगामात जॉर्ज कर्बी खांद्यामुळे मेच्या उत्तरार्धापर्यंत नव्हता, लोगन गिल्बर्ट कोपरामुळे एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत बाहेर होता, ब्राइस मिलरचे कोपर दोनदा दुखावले, आणि वर्षभर घड्याळाच्या काट्यासारखा चाललेला वू नेमक्या सप्टेंबरात छातीच्या स्नायूमुळे थांबला. पाचांपैकी एकटा लुईस कास्टिओ आपली प्रत्येक पाळी टाकत राहिला. याउलट २०२४ मध्ये या पाचांपैकी वू सोडून चौघे जवळजवळ पूर्ण हंगाम उभे होते, पण तेव्हा फलंदाजी इतकी कोरडी होती की ८५ विजयांवर गाडी थांबली. एका वर्षी पिचर होते तर फलंदाज नव्हते, दुसऱ्या वर्षी फलंदाज होते तर पिचर दवाखान्यात होते. दोन्ही एकत्र नांदलेले आपण अजून पाहिलेले नाही.

जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन थांबवले, ही या महिन्यातली सर्वांत चांगली बातमी. होर्हे पोलांको आणि एउहेनिओ सुआरेझ मात्र फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे, आहेत. म्हणजे सेकंड बेस आणि थर्ड बेस या दोन्ही जागांचा प्रश्न उघडा आहे. मंडळींनी आपापली मते सविस्तर मांडावीत.

आकडेमोड
२४ नोव्हेंबर २०२५

रॉलीविषयी तुम्ही जे सावधपणे म्हटले आहे ते मी अधिक स्पष्ट म्हणतो : ६० चे ४० झाले तरी ते मोठे यश मानावे लागेल. रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ मारले, पुढच्या वर्षी ३३. ॲरन जजने २०२२ मध्ये ६२ मारले, पुढच्या वर्षी कुंपणावर धडकून पायाचे बोट दुखावले आणि ३७ वर थांबला. रॉलीच्या सर्वांत जवळचे उदाहरण पेरेझचे, कारण तोही कॅचर. २०२१ मध्ये ४८ आणि २०२२ मध्ये २३. यात कोणाचा दोष नाही. ज्या वर्षी सगळे जुळून येते त्या वर्षाच्या पुढचे वर्ष साधारण असेच असते.

तेव्हा रॉलीकडून वजा होणारे वीस होम रन कोठून भरून काढायचे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर बाहेर शोधायला नको. हुलिओ रॉड्रिगेझने ३२ होम रन आणि ३० बेसचोऱ्या (फटका न बसताच पळून पुढचा बेस गाठणे) अशी कामगिरी केली, आणि तीही पहिला अर्धा हंगाम नेहमीप्रमाणे चाचपडत घालवून. हा मुलगा दरवर्षी जुलैपर्यंत झोपलेला असतो आणि मग अचानक लीगमधला सर्वोत्तम खेळाडू होतो. तो येत्या डिसेंबरात पंचविसाचा होईल. एप्रिल आणि मे हे दोन महिने त्याने नुसते सरासरीने खेळून काढले, तरी रॉलीची घट अर्ध्याहून अधिक भरून निघेल.

एमव्हीपीच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानाविषयी येथे कोणी वाद घालू नये अशी विनंती. जजला प्रथम क्रमांकाची १७ आणि रॉलीला १३ मते पडली. विषय संपला.

कृष्णाकाठ
२५ नोव्हेंबर २०२५

मी सांगलीहून लिहिते आहे. लेक बॉथेलला असते. तिच्याकडे दोन उन्हाळे राहिले आणि हा खेळ अंगाला चिकटला. सिॲटलचा संध्याकाळी ७:१० चा सामना उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी ७:४० ला सुरू होतो, त्यामुळे माझ्या चहाची आणि पहिल्या इनिंगची वेळ एकच असते.

वारकरीबुवा, त्या सातव्या सामन्याच्या वेळी आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. पणत्या धुऊन उपड्या घालत होते आणि मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. स्प्रिंगरचा चेंडू हवेत गेला तेव्हा सूनबाईने विचारले, "आई, काय झाले?" मी म्हटले, काही नाही, पणती फुटली. पणती खरेच फुटली होती.

आता मुद्द्याचे. मी चौतीस वर्षे गणित शिकवले, म्हणून एक हिशेब मांडते. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या संघाचे कारभारी जेरी डिपोटो यांनी असे सांगितले होते की दशकभर सरासरी ५४ टक्के सामने जिंकत राहिले की वर्ल्ड सिरीज केव्हातरी हाती येतेच. त्या ५४ टक्क्यांवरून त्यांची फार चेष्टा झाली आणि त्यांना दिलगिरीही व्यक्त करावी लागली. परंतु गेल्या पाच हंगामांचे विजय पाहा : ९०, ९०, ८८, ८५, ९०. बेरीज ४४३. सामने ८१०. भागाकार केला तर ५४.७ टक्के येतात. म्हणजे साहेबांनी जे बोलले ते शब्दशः करून दाखवले! आणि पाचांपैकी तीन वर्षे त्याच टक्केवारीने आपल्याला ऑक्टोबरात, म्हणजे बाद फेरीच्या महिन्यात, घरी बसवले. २०२१ मध्ये तर नव्वद विजय मिळूनही.

मुलांना मी सांगत असे की सरासरीने पास होणारा विद्यार्थी पेपर सोपा आला की पहिल्या दहात येतो आणि अवघड आला की काठावर लटकतो. गेल्या वर्षी आपल्याच विभागातल्या ह्यूस्टनचा पेपर सोपा आला, म्हणून आपण विभाग जिंकला. तेव्हा प्रश्न संघ चांगला आहे की नाही हा नाहीच. ५४ चे ५८ करण्याची इच्छा मालकांना आहे का, हा आहे. ५८ टक्के म्हणजे ९४ विजय. नेलरला थांबवले हे पहिले पाऊल झाले, पण ते गेल्या वर्षी हाती असलेलेच राखण्याचे पाऊल आहे.

ह्यूस्टनचा पाहुणा
२५ नोव्हेंबर २०२५

काकूंनी आमचे नाव काढलेच आहे, म्हणून शत्रुपक्षातर्फे चार ओळी. सप्टेंबरात तुम्ही आमच्या घरी येऊन तिन्ही सामने जिंकलात, ते आम्ही विसरलेलो नाही. ८७ विजयांवर आम्ही अडकलो आणि २०१६ नंतर प्रथमच ऑक्टोबर दूरचित्रवाणीसमोर बसून काढला. पण योर्दान आल्वारेझ हाताच्या दुखापतीमुळे तीन महिन्यांहून अधिक काळ नव्हता. तो पूर्ण हंगाम उभा राहिला तर तीन विजयांचे अंतर कितीसे? फ्राम्बर वाल्देझ बहुधा जाणार, हे मान्य. तरी हंटर ब्राऊन आहे.

टेक्सस रेंजर्सचे पिचिंग चांगले आहे आणि त्यांना नवा मॅनेजर मिळाला आहे. सॅक्रॅमेंटोला खेळणाऱ्या ॲथलेटिक्सच्या निक कर्ट्झकडे तर मी भीतीने पाहतो. पहिल्याच वर्षी त्याने एका सामन्यात चार होम रन आमच्याच पिचरांना मारले. विभाग कोणी आंदण दिलेला नाही, एवढेच सांगायचे होते.

अंबानगरी
२६ नोव्हेंबर २०२५

सर्वजण रॉलीचे होम रन मोजत आहेत. मी त्याचे गुडघे मोजते.

मी अमरावतीत विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाकडून चार वर्षे कॅचर होते. तेव्हाच्या एका स्पर्धेत आम्ही दोन दिवसांत पाच सामने खेळलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला वसतिगृहाचा जिना उलटा, कठडा धरून, उतरावा लागला होता, कारण सरळ उतरताना गुडघा वाकत नव्हता. वय होते वीस. रॉली आजच एकोणतीस पूर्ण करतो आहे, आणि तो १६२ पैकी १५९ सामन्यांत उतरला. त्यातले काही नुसता फलंदाज म्हणून, हे खरे. पण बाकीच्या प्रत्येक सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडूंसाठी बसायचे, उठायचे, जमिनीवर आपटणारा चेंडू छातीवर घ्यायचा आणि मग बॅट हातात घ्यायची. त्यात मार्चमध्ये तो जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडूनही खेळणार आहे. म्हणजे विश्रांतीचे दिवस उलट कमीच झाले.

दुसरी गोष्ट येथे अजून कोणी काढलेली नाही. २०२६ पासून बॉल आणि स्ट्राइकच्या (चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर की आत, या) निर्णयाला आव्हान देण्याची यंत्रणा येत आहे. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतील, आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहील, आणि ते फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनीच, डगआउटकडे न पाहता, लगेच डोक्यावर हात टेकवून मागायचे आहे. ज्यांना क्रिकेटमधला रिव्ह्यू माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की पंधरा सेकंद कुजबुजायला मिळत नाही.

याचे दोन परिणाम आपल्यावर होतील. कडेचा चेंडू हातमोजा किंचित आत वळवून स्ट्राइक भासवण्याची जी कला असते तिच्यात रॉली निष्णात आहे. सर्वोत्तम बचावासाठीचा २०२४ चा प्लॅटिनम ग्लोव्ह पुरस्कार त्याला मिळाला तो काही उगीच नव्हे. आता फलंदाज आव्हान देऊ लागले की त्या कलेची किंमत थोडी उतरेल. पण उलट बाजूही आहे. कोणता चेंडू खरोखर आत होता हे पिचरला कळत नाही, कारण तो टाकून पुढे झुकलेला असतो. फलंदाजाला कळते, पण त्याचा स्वार्थ आड येतो. कॅचरला कळते. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यात ही यंत्रणा वापरून पाहिली, तेव्हा पहिले आव्हान रॉलीनेच हेल्मेटवर हात टेकवून मागितले आणि मॅनी मचाडो त्यावर बाद झाला. आपल्याकडे धोनीच्या नावावर रिव्ह्यूचा जो विनोद प्रचलित आहे, तो सिॲटलमध्ये रॉलीच्या नावावर होईल असा माझा अंदाज आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे : त्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि बॅटिंगसाठीसुद्धा आणायचे नाही. मिच गार्व्हर आता नाही. मग त्या दिवशी पकडायला बसणार कोण? हॅरी फोर्डला ती जागा द्या. तो तरुण आहे, पळतो, आणि वर्षभर रॉलीच्या शेजारी बसून शिकेल.

सोडोचा वारकरी
२६ नोव्हेंबर २०२५

अंबानगरी, जिन्याचा प्रसंग वाचून माझेच गुडघे दुखले. सुट्टीच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आपला मॅनेजर डॅन विल्सन स्वतः अकरा-बारा वर्षे येथेच कॅचर होता, त्यामुळे निदान त्याला हे समजावण्याची गरज पडू नये. तरीही गेल्या वर्षी विभागाची चुरस इतकी अटीतटीची होती की त्याला रॉलीला बसवण्याचा धीर झाला नाही. २४ सप्टेंबरला विभाग हाती आला त्याच रात्री रॉलीने साठावा मारला. विक्रम आणि सुट्टी एकाच वेळी मिळत नाहीत.

फोर्डच्या बाबतीत मात्र मी विरुद्ध मताचा आहे. ज्या संघात रॉली २०३० पर्यंत करारबद्ध आहे, तेथे फोर्डसारख्या पहिल्या फळीच्या कॅचरने आठवड्यातून एकदा खेळणे म्हणजे दुभते जनावर दारात नुसते बांधून ठेवणे. ज्या संघांना कॅचर हवा आहे त्यांच्याकडे जा आणि त्याच्या बदल्यात आठव्या इनिंगचा डावखुरा पिचर घेऊन या. आज आपल्याकडे भरवशाचा डावखुरा म्हणजे एकटा गेब स्पायर.

मी पुन्हा त्या सातव्या इनिंगकडे जातो, कारण माझ्या मते तेथेच पुढच्या वर्षाची खरेदीची यादी लिहिलेली आहे. मुन्योझला तेव्हाच का आणले नाही, यावर आपण सर्वांनी महिनाभर तोंडसुख घेतले. मीही घेतले. परंतु मुन्योझला सातव्यात आणले असते तर नववी कोणी टाकली असती, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते. मॅट ब्रॅश, स्पायर, बासार्दो आणि मुन्योझ हे चौघे ऑक्टोबरभर ओढले गेले होते. डेट्रॉइटविरुद्धचा तो पंधरा इनिंगचा सामना आठवा. जवळजवळ पाच तास चालला, आणि शेवटी गिल्बर्ट आणि कास्टिओ या दोन मुख्य पिचरांना बुलपेनमधून (बदली पिचरांच्या राखीव जागेतून) आणावे लागले. चुकीचा माणूस आणला गेला असे मला आता वाटत नाही. आणायला आणखी एक माणूस हवा होता.

आकडेमोड
२७ नोव्हेंबर २०२५

"आणखी एक माणूस" हे वाक्य प्रत्येक संघाचा प्रत्येक चाहता प्रत्येक हिवाळ्यात लिहितो.

बुलपेनच्या पिचरइतकी बेभरवशाची वस्तू बेसबॉलमध्ये दुसरी नाही. यंदा हुकमी असलेला पुढच्या वर्षी सपाट पडतो. त्यासाठी फोर्ड देणे मला महाग वाटते. त्यापेक्षा पोलांकोला परत आणावे. २६ होम रन, दोन्ही हातांनी फलंदाजी, आणि डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगमधला तो विजयी फटका त्याचाच. मात्र त्याला रोज सेकंड बेसवर उभे करू नये. त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सुआरेझविषयी हळहळ वाटते, त्याचा तो टोरांटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यातला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन) मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण चौतिशीतल्या आणि इतके स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होणाऱ्या खेळाडूला दीर्घ करार देऊ नये.

पावसाळी
२८ नोव्हेंबर २०२५

थँक्सगिव्हिंगची सुट्टी असल्याने निवांत लिहितो. सेकंड आणि थर्ड बेसच्या चर्चेत सर्वजण बाजारात फिरत आहेत, पण घरच्या पोरांविषयी कोणी बोलत नाही.

मी एव्हरेटजवळ राहतो. तेथे आपला कनिष्ठ संघ ॲक्वासॉक्स खेळतो आणि तिकीट एका सिनेमाइतके असते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन मी सात-आठ वेळा गेलो. कोल्ट एमर्सन तेव्हा तेथे शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) खेळत असे. मेमधल्या एका संध्याकाळी इतका गारठा होता की प्रेक्षक गोधड्या पांघरून बसले होते. दोन बाद, बेसवर एक जण, आणि चेंडू पिचरच्या पायाला लागून भलत्याच दिशेला वळला. एमर्सन उजवीकडे निघालेला होता. त्याने पाय न बदलता, कमरेतून वळून, उघड्या हाताने चेंडू उचलला आणि तसाच फेकला. गडी बाद. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, हा मोठ्या संघात का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, हंगामाच्या शेवटी आपल्या सर्वांत वरच्या कनिष्ठ संघापर्यंत, टकोमापर्यंत, पोहोचला.

आपला शॉर्टस्टॉप जे. पी. क्रॉफर्डचा करार २०२६ अखेर संपतो, त्यामुळे एमर्सन त्याचा वारस आहे हे सर्वांना माहीत आहे. माझे म्हणणे असे की २०२७ ची वाट पाहू नये. बेन विल्यमसन थर्ड बेसवर चेंडू सुंदर अडवतो पण त्याच्या फटक्यात ताकद नाही. कोल यंगचा हात चांगला आहे, तरी पहिल्या वर्षी तो मेजर लीगच्या पिचिंगपुढे गोंधळलेला दिसला. या दोघांना एप्रिलपासून खेळवा, जूनपर्यंत जो कमी पडेल त्याच्या जागी एमर्सनला आणा, आणि बाजारातले पैसे पिचिंगवर खर्च करा. आपल्या संघातले बहुतेक चांगले खेळाडू घरीच घडलेले आहेत. रॉली तिसऱ्या फेरीतला, वू सहाव्या फेरीतला. फ्री एजंट फलंदाज तसेही सिॲटलला यायला नाखूश असतात. समुद्रावरच्या गार, जड हवेत त्यांचे फटके कुंपणाच्या आत पडतात हे त्यांना पक्के ठाऊक असते.

कृष्णाकाठ
२८ नोव्हेंबर २०२५

पावसाळी, तुमच्या चिरंजीवांना माझे आशीर्वाद सांगा. प्रश्न योग्य विचारला आहे.

पण दोन नवीन मुले एकाच वेळी आणि तीही पहिल्या फळीत, हा प्रयोग करायला हे वर्ष योग्य आहे का? क्रॉफर्ड आणि रँडी अरोसारेना दोघेही पुढच्या वर्षानंतर मोकळे होणार. गिल्बर्ट २०२७ नंतर. ही सगळी मंडळी एकत्र असण्याची शेवटची एक-दोन वर्षे आहेत. अशा वेळी शिकाऊ हात स्वयंपाकघरात ठेवावा, पण पंगत बसली असताना वाढायला पाठवू नये. पोलांकोला आणावे, या मताची मी आहे.

आणि येथे कोणी काढले नाही म्हणून मीच काढते. सप्टेंबरात संघ ढेपाळलेला असताना एका चाहत्याने इंटरनेटवरून पैसे देऊन एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र करवून घेतला, आणि त्यानंतर आपण अठरांपैकी सतरा सामने जिंकलो, असे तिकडे सर्वत्र छापून आले होते. लेकीने ते मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मी तिला म्हटले, पैसे कशाला घालवायचे, मीठ-मोहऱ्या घरात होत्याच.

ह्यूस्टनचा पाहुणा
२९ नोव्हेंबर २०२५

काकू, यंदा ती मीठ-मोहरी कृपया टेक्ससच्या दिशेने फिरवू नये.

अंबानगरी
२९ नोव्हेंबर २०२५

वारकरी, फोर्डविषयीचे तुमचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले. कॅचर म्हणून मला ते पटत नाही, पण संघाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, हे मान्य करते. एकाच अटीवर : त्याच्या बदल्यात जो पिचर येईल तो किमान तीन-चार वर्षे आपल्याकडे राहणारा असावा. एका हंगामाच्या पाहुण्यासाठी असा मुलगा देऊ नये. आणि रॉलीच्या सुट्टीसाठी मग कोणीतरी अनुभवी, स्वस्त, फटके न मारणारा का असेना, कॅचर आधी करारबद्ध करावा. फोर्ड गेल्यानंतर शोधायला निघू नये.

आकडेमोड यांना एक प्रश्न. नेलर लीगमधल्या सर्वांत संथ धावणाऱ्यांपैकी एक असूनही आपल्याकडे आल्यावर दोन महिन्यांत त्याने १९ बेस चोरले. हे पुन्हा घडेल का?

आकडेमोड
२९ नोव्हेंबर २०२५

तितके घडणार नाही. पिचर आता त्याच्याकडे लक्ष ठेवतील. त्याने पायाने चोरले नव्हते, पिचरचा खांदा वाचून चोरले होते, आणि त्याचे चित्रीकरण सर्व संघांनी या हिवाळ्यात पाहिले असणार. आठ-दहा धरा. पण त्याच्यासाठी पैसे चोरीकरता दिलेले नाहीत. आपल्या संघात स्ट्राइकआउट होणारे पुष्कळ आहेत, त्यांत हा एक जण असा आहे की दोन स्ट्राइक झाल्यावरही चेंडूला बॅट लावतो. तिसऱ्या बेसवर माणूस आणि एक बाद अशा वेळी गेली कित्येक वर्षे आपण हात चोळत बसत होतो. त्या एका प्रसंगासाठी तो हवा आहे.

माझा आकडा : ८९ विजय, वाइल्ड कार्ड (विभाग न जिंकताही बाद फेरीत जागा). रॉली ३८ होम रन.

पावसाळी
३० नोव्हेंबर २०२५

माझा ९२ आणि विभाग. एमर्सन १५ जूनपूर्वी. मुलाने १०० लिहायला सांगितले आहे, तेही नोंदवून ठेवतो.

सोडोचा वारकरी
३० नोव्हेंबर २०२५

९३ म्हणतो, पण अट लावून. कर्बी, गिल्बर्ट, वू, कास्टिओ आणि मिलर या पाचांपैकी चौघांनी प्रत्येकी पंचवीस सामने सुरू केले तर ९३, तिघांनीच केले तर ८७, आणि त्याच्याखाली गेले तर मला या धाग्यावर शोधू नये. मिलरविषयी मी इतरांपेक्षा आशावादी आहे. वर्षभर मार खाल्लेल्या त्या माणसाने टोरांटोत पहिल्या सामन्यात, केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर, पहिल्याच फलंदाजाचा होम रन सोसून पुढे सहा इनिंग टाकल्या आणि आणखी एकही धाव दिली नाही. त्याचे कोपर शाबूत राहिले तर पाचव्या क्रमांकाला असा पिचर कोणाकडे आहे?

ओरलँडोला ७ डिसेंबरपासून हिवाळी बैठका आहेत. तेथे काही घडले तर येथेच लिहू, नवा धागा नको. हंगाम २६ मार्चला घरच्या मैदानावर क्लीव्हलँडविरुद्ध सुरू होतो. नेलर त्या संघात अनेक वर्षे होता आणि त्याचा धाकटा भाऊ बो तेथे आजही कॅचर आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी एक भाऊ बॅट घेऊन उभा आणि दुसरा त्याच्या पाठीमागे बसलेला असे चित्र दिसेल.

अंबानगरी
३० नोव्हेंबर २०२५

आणि धाकट्याने आव्हान मागून थोरल्याला बाद केले तर?

माझा आकडा ९१. रॉली १३५ सामने, एकही जास्त नाही.

कृष्णाकाठ
१ डिसेंबर २०२५

मी आकडा सांगत नाही, ५८ टक्क्यांवर ठाम आहे. नव्या कॅलेंडरवर १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि त्याच्या बरोबर एका आठवड्यानंतर तुमचा पहिला सामना. त्या चौकोनात पेन्सिलीने "क्लीव्हलँड" असे लिहून ठेवले आहे. सूनबाई विचारत होती की हे कोणाचे लग्न. तिला सांगितले, दोन्हीकडचे नेलरच.